एका पंपात किती मणी?

दसऱ्याला विरारच्या जीवदानीच्या जत्रेत फुगे फोडायची बंदूक खांद्याला लावून आलेलं पोर घरी पोचलं की मोबाइलवर स्वस्तातली ‘एअरसॉफ्ट शॉटगन’ शोधू लागतं. पैसे भरण्याआधी कुणी विचारायला आलं की त्याच्या डोक्यातले समज बहुतेक वेळा तेच असतात.

पहिला समज म्हणजे दोन्ही बंदुका एकच. जत्रेतली छर्ऱ्याची बंदूक मध्ये वाकवायची, नळीच्या मागच्या तोंडात 4.5 मिलिमीटरचा शिशाचा छर्रा अंगठ्याने दाबून बसवायचा आणि नळी सरळ करायची. घोडा ओढला की स्प्रिंग सुटते, दट्ट्या पुढे येतो आणि दाबलेली हवा छर्रा ढकलते. स्प्रिंगवरच्या एअरसॉफ्टमध्येही हवेचंच काम, पण मणी प्लॅस्टिकचा, 6 मिलिमीटरचा, वजनाला साधारण 0.20 ग्रॅम. असा मणी सेकंदाला 100 मीटर वेगाने सुटला तर त्याच्यात 1 ज्यूल ऊर्जा भरते.

‘मग ते खेळणंच की!’ असं लगेच ऐकायला मिळतं. अंगावर बसला तर वळ उठेल, पण तोच मणी डोळ्यात गेला तर नजर जाऊ शकते. रोजचा चष्मा इथे कामाचा नाही. त्याची काच तडकते आणि बाजूने मणी आत शिरतो. चारी बाजूंनी बंद असलेला, मारा सोसणारा गॉगल हवा. बजेट तोकडं असेल तर आधी गॉगल घ्या आणि उरलेल्या पैशात बंदूक बसते का ते पाहा. नसेल बसत तर थांबा. हा क्रम मी कुणासाठीही बदलणार नाही.

शॉटगन म्हटल्यावर एका बारात मणी चौफेर उडतील, असंही वाटतं. बऱ्याच स्वस्त मॉडेलना फक्त रूप शॉटगनचं असतं, एका पंपात एकच मणी सुटतो. तीन मण्यांच्या बंदुकीत पुढच्या एका तोंडामागे तीन बारीक नळ्या असतात आणि मणी जवळजवळच जातात. तीन दट्ट्ये एकदम मागे ओढायचे म्हणून पंप जड लागतो. बारीक हाताच्या मुलाला तो चार-पाच वेळांत दमवतो. दुकानात रंग बघत बसू नका, पंप स्वतः ओढून बघा. धातूची दिसते म्हणून टिकेल असंही नाही, कारण बाहेर धातू आणि आतले भाग प्लॅस्टिकचे असा माल पुष्कळ असतो. अर्नाळा-राजोडीच्या खाऱ्या हवेत स्प्रिंगला गंजही लवकर चढतो.

‘लायसन लागत नाही’ हे विक्रेत्याचं आवडतं वाक्य. 2016 च्या शस्त्र नियमांतली सूट 4.5 मिलिमीटरपर्यंतच्या नळीच्या आणि 20 ज्यूलपर्यंतच्या हवेच्या बंदुकीला आहे. एअरसॉफ्टची नळी 6 मिलिमीटरची, त्यामुळे ते वाक्य तिला आपोआप लागू होत नाही. घेण्याआधी पोलीस ठाण्यात विचारा आणि पक्कं बिल जपून ठेवा. नळीचं नारिंगी टोक हा अमेरिकेतला नियम, तो इथे परवाना ठरत नाही. विरार लोकलच्या गर्दीत पिशवीतून बाहेर डोकावणारी नळी खरी की खोटी, हे शेजारच्या प्रवाशाला कसं कळणार?

‘कावळे-बगळे मारायला चालते’ हा समज तर मनातून काढूनच टाका. पाणथळीतले बगळे वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतात. त्याच कायद्यात पूर्वी कावळा उपद्रवी प्राण्यांच्या यादीत होता, 2022 च्या दुरुस्तीने ती यादीच काढून टाकली.

ज्याला मनापासून नेम शिकायचाय, त्याने हे पैसे जपून ठेवावेत. वरळीला महाराष्ट्र रायफल असोसिएशनची रेंज आहे, पनवेलला ऑलिंपिक नेमबाज सुमा शिरूर यांचा लक्ष्य शूटिंग क्लब आहे आणि वसई रोडहून पनवेलला गाडी जाते. सुरुवातीला क्लबची रायफल वापरायला मिळते का, हे आधी विचारा. ठाण्याचा रुद्रांक्ष पाटील 2022 मध्ये कैरोला 10 मीटर एअर रायफलचा विश्वविजेता झाला. त्या प्रकारात छर्रा फुगे फोडायच्या बंदुकीइतकाच, 4.5 मिलिमीटरचा. निशाण्यावरचा दहा गुणांचा ठिपका मात्र अर्ध्या मिलिमीटरचा असतो.