वाळवंटातील बोलके डोंगर

ऑस्ट्रेलिया खंडाच्या नकाशावर बरोबर मध्यभागी बोट ठेवले, तर ते ॲलिस स्प्रिंग्ज या लहानशा शहराच्या आसपास पडेल. उत्तरेकडील डार्विन बंदर येथून सुमारे 1500 किलोमीटर दूर आहे आणि दक्षिणेकडील ॲडलेड शहरही जवळजवळ तितकेच दूर आहे. आपल्या कोकणात वर्षभरात जेवढा पाऊस पडतो, त्याचा जेमतेम दहावा हिस्सा येथे पडतो. चोहोकडे तांबडी माती, खुरटी झुडपे आणि राठ गवत! असा मुलूख पाहिला म्हणजे आपल्या तोंडून सहज शब्द निघतो, 'ओसाड.' परंतु हा शब्द येथे कितपत खरा आहे, हे आपण या पाठात पाहू.

या शहराच्या पूर्वेस व पश्चिमेस मिळून सुमारे 640 किलोमीटर लांबीची एक पर्वतरांग पसरलेली आहे. तिचे नाव मॅक्डॉनेल. तिचे सर्वोच्च शिखर माउंट झील हे 1531 मीटर उंच आहे. म्हणजे आपल्या कळसूबाईहून थोडेसे ठेंगणेच. परंतु वयाने हे डोंगर सह्याद्रीचे कितीतरी वडील होत. सह्याद्रीचा काळा पाषाण सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारस थिजून तयार झाला. मॅक्डॉनेल पर्वत मात्र भूकवचाला घड्या पडून वर उचलले गेले आणि ती उलथापालथ थांबूनही आज सुमारे 30 कोटी वर्षे लोटली आहेत. तेव्हापासून ऊन, वारा आणि पाणी यांनी ते झिजत आले आहेत. मऊ खडक वाहून गेला आणि कठीण गारगोटीच्या खडकाच्या लांबच लांब तांबड्या भिंती तेवढ्या उभ्या राहिल्या.

या भिंतींचे नवल असे, की नद्यांनी त्या आरपार चिरल्या आहेत. नदी सामान्यतः डोंगराला वळसा घालून जाते, हे आपण भूगोलात शिकतो. मग येथे हे कसे घडले? कारण असे, की फिंक नदीसारखे येथील प्रवाह फार प्राचीन आहेत. भोवतालची भूमी झिजून कठीण खडक उघडा पडू लागला, तेव्हा नदीचा मार्ग आधीच ठरून गेलेला होता. तिने तो सोडला नाही. करवतीने लाकूड चिरावे तसा तो खडक ती चिरीत गेली. अशा रीतीने येथे अरुंद खिंडी आणि खोल घळी निर्माण झाल्या.

आज प्रवासी या घळी पाहण्यासाठी लांबलांबून येतात. सिम्पसन्स गॅप नावाच्या खिंडीत दगडांच्या राशींवरून काळ्या पायांचे वॉलबी, म्हणजे कांगारूचे धाकटे भाऊबंद, टुणटुण उड्या मारताना दिसतात. स्टँडली घळ इतकी अरुंद आहे, की तिच्या तळाशी ऊन पोचते ते केवळ मध्यान्हीच्या सुमारास. त्या थोड्या वेळात दोन्ही कडे निखाऱ्यांसारखे तांबडेलाल दिसू लागतात आणि पाहता पाहता पुन्हा सावलीत बुडतात. ऑर्मिस्टन घळीत उंच कड्यांच्या पायथ्याशी पाण्याचा मोठा डोह आहे. नदीचे पात्र वर्षातील बहुतेक काळ कोरडे असते. परंतु घळींतील सावलीत पाणी टिकून राहते. जेथे पाणी तेथे पक्षी, जेथे पक्षी तेथे झाडे, आणि जेथे ही सर्व आहेत तेथे माणूसही असणारच.

मध्य ऑस्ट्रेलियात माणूस 30 हजार वर्षांहून अधिक काळ राहत आला आहे. मॅक्डॉनेल पर्वताच्या या भागातील मूळ रहिवासी म्हणजे अरंडा लोक. त्यांनी लिपी निर्माण केली नाही. त्यांचा ग्रंथ म्हणजे त्यांची भूमीच होय. कोणत्या डोहात पाणी टिकते, कोणते कंद केव्हा खणावेत, कोणाचे कोणाशी नाते आहे, कोणी कोठे जाऊ नये, हे सर्व ज्ञान त्यांनी डोंगर, झाडे आणि पाणवठे यांच्याशी जोडलेल्या कथांत व गीतांत साठवून ठेवले आहे. ॲलिस स्प्रिंग्जच्या पूर्वेस एमिली गॅप नावाची खिंड आहे. पूर्वजरूपी सुरवंट येथून निघाले आणि त्यांनी भोवतालचे डोंगर घडविले, अशी अरंडा लोकांची श्रद्धा आहे. खिंडीतील खडकावर तांबड्या व पांढऱ्या उभ्या रेघांची प्राचीन चित्रे आहेत. आपणांस त्या नुसत्या रेघा दिसतात. ज्याला ती कथा ठाऊक आहे, त्याला मात्र तेथे आपल्या गावाच्या जन्माची हकीकत वाचता येते.

चित्रांसाठी लागणारा रंगही याच पर्वतात मिळतो. रांगेच्या पश्चिम भागात कोरड्या ओढ्याच्या काठी एक दरड आहे. तिच्यात पांढरे, पिवळे आणि तांबडे थर उभ्या पट्ट्यांसारखे दिसतात. लोहाच्या कमीअधिक अंशामुळे मातीला हे रंग आले आहेत. आपल्याकडे वारली चित्रांसाठी भिंत ज्या गेरूने सारवितात, त्याच जातीची ही माती. ती समारंभात अंगावर रेखाटण्यासाठी पिढ्यान्‌पिढ्या वापरली गेली आहे. पाहुण्यांनी तिला हात लावू नये, असा तेथे नियम आहे.

सन 1860 मध्ये जॉन मॅक्डवल स्टुअर्ट हा प्रवासी येथे आला आणि त्याने दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या गव्हर्नरचे नाव या पर्वताला दिले. 1872 साली येथून तारायंत्राची तार गेली. त्या कामाच्या वेळीच एका पाणवठ्याला तारखात्याच्या प्रमुखाच्या पत्नीचे, ॲलिसचे, नाव मिळाले. नकाशावर नवी नावे आली. परंतु प्रत्येक जागेला जुने नाव होतेच. ॲलिस स्प्रिंग्ज म्हणजे अरंडांचे म्बार्न्ट्वा, तर फिंक नदी म्हणजे त्यांची लारापिंटा. नवागतांना ही भूमी रिकामी वाटली, कारण तिची भाषा त्यांना येत नव्हती.

या भाषेत किती सत्य दडलेले असू शकते, याचे एक उदाहरण ऐका. फिंक नदीला मिळणाऱ्या एका ओढ्याच्या दरीत उंच ताडवृक्षांचे बन आहे. वाळवंटाच्या मध्यभागी ताड आले कोठून? पूर्वी हा प्रदेश दमट अरण्याने व्यापलेला होता आणि त्या अरण्याचा हा अवशेष आहे, असे शास्त्रज्ञ दीर्घकाळ मानीत. परंतु 2012 साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात या ताडांच्या आनुवंशिक द्रव्याची तपासणी झाली. त्यांचे सख्खे भाऊबंद शेकडो किलोमीटर उत्तरेस आढळले आणि दोघांची ताटातूट केवळ सुमारे 15 हजार वर्षांपूर्वी झाली असावी, असे दिसून आले. मग बिया आणल्या कोणी? कदाचित माणसांनी, असा तर्क शास्त्रज्ञांनी केला. पुढे संशोधक डेव्हिड बोमन यांच्या दृष्टीस एक जुनी नोंद पडली. 1894 साली कार्ल स्ट्रेलो या जर्मन धर्मोपदेशकाने येथील लोकांकडून ऐकलेली एक कथा लिहून ठेवली होती. उत्तरेकडून आलेल्या देवांनी या बिया येथे आणल्या, असे ती कथा सांगत होती! प्रयोगशाळेने जे 2012 मध्ये सुचविले, ते या लोकांच्या मुखी कितीतरी आधीपासून होते.

याच पर्वताच्या कुशीत, हर्मन्सबर्ग या वस्तीत, 1902 साली आल्बर्ट नामाट्जिरा यांचा जन्म झाला. जांभळे डोंगर, तांबडी माती आणि पांढऱ्याशुभ्र खोडाची झाडे त्यांनी जलरंगांत अशी उतरविली, की 1938 साली मेलबर्न येथे भरलेल्या त्यांच्या प्रदर्शनातील सर्व चित्रे विकली गेली. देशभर त्यांचे नाव झाले. परंतु ज्या भूमीची चित्रे लोक दिवाणखान्यात लावीत, त्याच भूमीत या थोर चित्रकाराला घरासाठी जागा मिळू शकली नाही. नागरिकत्वाचे पूर्ण हक्क त्यांना मिळाले ते 1957 साली. तेही त्यांच्या मुलांना लागू नव्हते. दोनच वर्षांनी, 1959 मध्ये, ते निवर्तले.

काळ पालटला, पण आपोआप पालटला नाही. ॲलिस स्प्रिंग्जला पुरापासून वाचविण्यासाठी शहराच्या उत्तरेस टॉड नदीवर धरण बांधण्याची योजना होती. त्या धरणाने अरंडांची पवित्र स्थाने पाण्याखाली गेली असती. पुराची भीती खोटी नव्हती आणि अरंडांचे दुःखही खोटे नव्हते. त्यांनी आपले म्हणणे सरकारपुढे नेटाने मांडले. 1992 साली केंद्रीय मंत्र्यांनी ते काम थांबविले आणि ते धरण पुढे झाले नाही. 2000 साली न्यायालयानेही या शहराच्या परिसरातील जमिनीवर अरंडांचा परंपरागत हक्क मान्य केला. स्टँडली घळीची व्यवस्था तर आज तेथील मूळ लोकच पाहतात.

म्हणूनच या पर्वतात जाणाऱ्या पाहुण्याने काही शिस्त पाळावयाची असते. पाणी जवळ ठेवावे, ठरलेल्या वाटेनेच चालावे, चित्रांना स्पर्श करू नये, दगड किंवा रंगीत माती आठवण म्हणून उचलू नये आणि जेथे जाण्यास किंवा छायाचित्र घेण्यास मनाई असेल तेथे कारण न विचारता थांबावे. आपल्याकडे देवराईतील वाळकी काटकीही जुने लोक घरी नेत नाहीत. तसेच हे आहे. प्रत्येक कथा सर्वांना सांगावयाची नसते, असे अरंडा लोक मानतात. पाहुण्याला जेवढे सांगितले जाईल, तेवढे आदराने ऐकावे.

मुलांनो, 'ओसाड' हा शब्द आपण फार लवकर उच्चारतो. ज्या माळावर आपणांस काही दिसत नाही, तेथे गुराख्याला वाटा दिसतात आणि वैद्याला औषधी दिसतात. यापुढे एखादी उजाड वाटणारी जागा पाहाल, तेव्हा तिला नाव ठेवण्यापूर्वी तेथील माणसाला एवढे अवश्य विचारा, "या जागेला तुम्ही काय म्हणता?"