मातीचं धरण मातीमुळे फुटत नाही

धरण फुटल्याची बातमी आली की पहिला संशय मातीवर घेतला जातो. ‘मातीचंच ते, कधीतरी वाहून जाणारच,’ असं सर्रास बोललं जातं. वास्तविक जगातली बहुसंख्य धरणं मातीचीच आहेत, आणि जवळपास दहा किलोमीटर लांबीचं आपलं जायकवाडीही प्रामुख्याने मातीचंच. मधोमध पाणी न झिरपू देणारा चिकणमातीचा गाभा, दोन्ही अंगांना मुरुमाचं आवरण, पाण्याकडच्या उतारावर दगडांचं पिचिंग, अशी रचना थराथराने दाबून केली तर पिढ्यानपिढ्या टिकते. तिला मुख्यतः दोन गोष्टी सोसत नाहीत: पोटातून माती घेऊन झिरपणारं पाणी आणि माथ्यावरून वाहणारं पाणी. २०१९ मध्ये चिपळूण तालुक्यातलं तिवरे धरण फुटलं तेव्हा खेकड्यांवर खापर फोडलं गेलं आणि त्याची भरपूर थट्टा झाली. प्राण्यांची बिळं भरावाला घातक ठरतात हे खरंच आहे. पण बीळ एका रात्रीत धरण पोखरत नाही, आणि वेळोवेळी भराव तपासणाऱ्याच्या नजरेतून ते सहसा सुटत नाही. माथ्यावरून पाणी गेलं तर मात्र तासांचाच हिशेब उरतो. मागचा उतार खरवडला जातो, ओघळीची घळ होते, घळ सरकत सरकत माथ्याला भिडते आणि धरण जातं. त्यामुळे मातीच्या धरणाची सुरक्षितता भरावाइतकीच पाण्याला दिलेल्या वाटेवर, म्हणजे सांडव्यावर आणि तळाच्या नळांवर, ठरते.

याचा सर्वांत बोलका पुरावा अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियातला आहे. जॉन्सटाउन गावाच्या वर सुमारे २३ किलोमीटरवर साउथ फोर्क नावाचं धरण होतं: ७२ फूट उंच, ९३१ फूट लांब. राज्य सरकारने ते मालवाहू कालव्याला पाणी पुरवण्यासाठी बांधलं. १८५३ मध्ये ते पूर्ण होईपर्यंत रेल्वे आली, कालव्याची गरज संपली आणि धरण आधी रेल्वे कंपनीच्या, मग खासगी मालकांच्या हाती गेलं. १८६२ मध्ये तळाच्या मोरीपाशी भराव एकदा खचलाही होता. पाणी कमी असल्याने नुकसान फारसं झालं नाही. त्यानंतरच्या एका मालकाने तळाचे पाच लोखंडी नळ उपटून भंगारात विकले. १८७९ मध्ये हे धरण पिट्सबर्गच्या उद्योगपतींच्या मासेमारी-शिकार क्लबसाठी विकत घेतलं गेलं. कार्नेगी, फ्रिक, मेलन ही त्या क्लबच्या सभासदांची नावं. जलाशय आता होड्यांसाठी आणि माशांसाठी होता. १८६२ चं खिंडार बुजवलं गेलं, नळ मात्र पुन्हा बसवले नाहीत. साठा कमी करायचा म्हटलं तरी त्यासाठी साधनच उरलं नाही.

‘लहानसे बदल होते, त्याने काय बिघडणार?’ हा पुढचा गैरसमज. धरणाच्या माथ्यावरून दोन घोडागाड्या शेजारून जाव्यात म्हणून माथा दोन-तीन फुटांनी कमी करून रुंद केला गेला, आणि मधला भाग जरा खचलेलाही होता. दोन-तीन फूट ऐकायला किरकोळ वाटतात. पण सांडव्यातून जाणारा विसर्ग पाण्याच्या खोलीच्या दीड घाताने वाढतो. माथ्यापर्यंत दहा फूट खोली मिळत असताना ती सातवर आली, तर सांडव्याची क्षमता तीन दशांशाने नव्हे, सुमारे चाळीस टक्क्यांनी घटते. त्यात महागडे मासे वाहून जाऊ नयेत म्हणून सांडव्याच्या तोंडाशी लोखंडी जाळ्या लावलेल्या. पुरात ओंडके, फांद्या, पालापाचोळा त्याच जाळ्यांना येऊन अडकला. आधीच अरुंद झालेल्या वाटेला असं बूच बसल्यावर पाणी माथ्याकडे चढणार हे उघड होतं.

३१ मे १८८९ रोजी तेच झालं. सकाळपासून मजूर माथा उंचवायला आणि दुसरी चर खोदायला धडपडत होते, पण दुपारी तीनच्या सुमारास धरण गेलं. तासाभरात लोंढा जॉन्सटाउनवर आदळला. २,२०९ माणसं मेली. ‘खासगी तळं ते, केवढंसं असणार?’ असं वाटतं म्हणून आकडा सांगतो: साठा सुमारे दीड कोटी घनमीटर, म्हणजे अर्धा टीएमसी, खडकवासल्याच्या उपयुक्त साठ्याच्या जेमतेम चौथा हिस्सा. संहार साठ्याच्या आकारावरून ठरला नाही. तळं गावापेक्षा सुमारे साडेचारशे फूट उंचावर होतं, खालची दरी अरुंद होती आणि दरीच्या तोंडाशी वस्ती होती.

यावर सगळ्यात वजनदार आक्षेप असा, की त्या दिवशी पाऊसच अतोनात होता. तो होताच, चोवीस तासांत सहा ते दहा इंचांचा अंदाज आहे, आणि धरण फुटण्याआधीच जॉन्सटाउनच्या रस्त्यांवर पाणी आलेलं होतं. अमेरिकन स्थापत्य अभियंत्यांच्या संस्थेने नेमलेल्या समितीनेही १८९१ च्या अहवालात म्हटलं, की धरण मूळ रूपात असतं तरी पाणी माथ्यावरून गेलंच असतं. हा निष्कर्ष शंभरहून अधिक वर्षं चालत आला. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात संशोधकांनी सांडव्याचं आणि पुराचं गणित नव्याने मांडलं. मूळ उंचीचा माथा, मूळ सांडवे आणि तळाचे नळ असते तर धरण तगलं असतं, असं त्यांना आढळलं. मला हे गणित पटतं. पाऊस जाळ्या लावत नाही आणि नळही विकत नाही.

‘कुणाला कल्पना नव्हती’ हेही खरं नाही. खालच्या पोलाद कारखान्याच्या अभियंत्याने १८८० मध्येच धरण पाहून नळ नसल्याचा धोका लेखी कळवला होता. कारखान्याने दुरुस्तीच्या खर्चात वाटा उचलायची तयारी दाखवली, क्लबने ती नाकारली. धरण फुटलं त्या दिवशी तारेने इशारेही गेले, पण दर पावसाळी हंगामात ‘धरण फुटणार’ ऐकून लोकांचे कान निर्ढावले होते.

आणि ‘नुकसान झालं तर मालक भरून देईलच’ हा शेवटचा भरवसा. इंग्लंडमध्ये १८६८ मध्ये रायलंड्स विरुद्ध फ्लेचर या खटल्यात, तोही गिरणीमालकाच्या खासगी तलावाचाच, असं ठरलं होतं, की धोक्याची गोष्ट आपल्या जागेत साठवणाऱ्याकडून ती निसटली तर जबाबदारी त्याचीच, निष्काळजीपणा सिद्ध होवो न होवो. पेनसिल्व्हेनियाच्या सर्वोच्च न्यायालयाने हे तत्त्व १८८६ मध्ये नाकारलं होतं. त्यामुळे फिर्यादींना निष्काळजीपणा सिद्ध करावा लागणार होता, आणि क्लबच्या स्वतःच्या नावावर फारशी मालमत्ता नव्हती. काही सभासदांनी मदतनिधीला देणग्या दिल्या. न्यायालयात मात्र एकाही पूरग्रस्ताला क्लबकडून भरपाई मिळाली नाही. पुढच्या काही वर्षांत अमेरिकेतल्या अनेक न्यायालयांनी रायलंड्सचं तत्त्व स्वीकारलं, पण तोवर जॉन्सटाउनचे दावे निकालात निघाले होते.