नाव आणि नाद

वाद्य विकत घेणे ही साधी खरेदी नव्हे. घड्याळ किंवा भांडे घरी आणताच उपयोगी पडते. वाद्याचे तसे नाही. त्यावर वर्षानुवर्षे मेहनत घ्यावी लागते, तेव्हा कुठे ते बोलू लागते. म्हणून वाद्याची निवड चुकली, तर पैसा वाया जातोच. पण त्याहून मोठे नुकसान शिकणाऱ्याच्या उमेदीचे होते. हाताला न मानवणारे वाद्य काही दिवस वाजवले जाते, मग ते कोपऱ्यात धूळ खात पडते आणि 'आपल्याला संगीत जमणार नाही' अशी चुकीची समजूत मनात घर करून बसते.

इलेक्ट्रिक गिटारच्या बाबतीत ही निवड आणखी एका कारणाने अवघड होते. काही गिटारींवर एखाद्या विख्यात वादकाचे नाव असते. वादकाच्या संमतीने त्याच्याच नावाने विकल्या जाणाऱ्या अशा गिटारला 'सिग्नेचर गिटार' म्हणजेच 'स्वाक्षरी गिटार' म्हणतात. नाव मोठे, कीर्ती मोठी आणि किंमतही मोठी! अशा दोन गिटारी समोर असतील, तर निवड कशाच्या आधारे करावी? अमेरिकेत जन्मलेल्या दोन जगप्रसिद्ध स्वाक्षरी गिटारींची हकिकत या प्रश्नाचे उत्तर शोधण्यास उपयोगी पडते. एक आहे गिब्सन कंपनीची 'लेस पॉल' आणि दुसरी फेंडर कंपनीची 'एरिक क्लॅप्टन स्ट्रॅटोकास्टर'.

तारेतून वीज, विजेतून नाद

तंबोऱ्याची तार छेडली, की तिचे कंपन घोडीवाटे भोपळ्यात उतरते आणि भोपळ्यातील पोकळी तो नाद भरदार करते. साध्या लाकडी गिटारचेही तत्त्व हेच असते. या दोन्ही इलेक्ट्रिक गिटारींचे खोड मात्र बहुतांशी भरीव लाकडाचे असते. नुसती तार छेडली, तर जेमतेम जवळच्या माणसाला ऐकू जाईल एवढाच आवाज येतो.

तारांच्या खाली 'पिकअप' नावाचा भाग बसवलेला असतो. त्यात चुंबक आणि त्याभोवती गुंडाळलेले तांब्याच्या बारीक तारेचे वेटोळे असते. वरची पोलादी तार कंप पावली, की वेटोळ्यातील चुंबकीय क्षेत्र बदलते आणि वेटोळ्यात सूक्ष्म विद्युतदाब निर्माण होतो. मायकेल फॅरेडे यांनी १८३१ मध्ये शोधलेले विद्युतचुंबकीय प्रवर्तनाचे तत्त्व येथे काम करते. हा सूक्ष्म संकेत ॲम्प्लिफायरमध्ये वाढवला जातो आणि स्पीकरमधून नाद होऊन बाहेर पडतो.

यावरून एक गोष्ट ध्यानात येते. इलेक्ट्रिक गिटारचा आवाज एकट्या गिटारचा नसतो. वादकाचा हात, तार, पिकअप आणि ॲम्प्लिफायर या सर्वांचा तो मिळून बनतो. गिटारवरील नावाला या साखळीत जागा नाही.

लेस पॉल : एका नावाचा प्रवास

लेस पॉल यांचा जन्म १९१५ मध्ये विस्कॉन्सिन राज्यात झाला. ते कुशल वादक तर होतेच, शिवाय ध्वनिमुद्रणाच्या तंत्रातील मोठे प्रयोगशील संशोधक होते. १९४० च्या सुमारास त्यांनी लाकडाच्या एका जाड ठोकळ्यावर तारा आणि पिकअप बसवून गिटार तयार केली. तिला 'लॉग' म्हणजे 'ओंडका' असे नाव पडले. ही कल्पना त्यांनी गिब्सन कंपनीपुढे मांडली, पण तेव्हा ती स्वीकारली गेली नाही. १९४८ मध्ये मोटार अपघातात त्यांच्या उजव्या हाताचे कोपर निकामी झाले. तेव्हा गिटार धरता येईल अशा कोनात हात जोडून द्यावा, असे त्यांनी डॉक्टरांना सांगितले. कोपर पुन्हा पूर्ववत वाकणार नव्हते, तरी वादन सुटले नाही. वाद्यावरील निष्ठेचे हे विलक्षण उदाहरण होय.

१९५० मध्ये फेंडर कंपनीने भरीव खोडाची गिटार बाजारात आणली. मग गिब्सन कंपनीलाही या कल्पनेचे महत्त्व पटले आणि १९५२ मध्ये तिने लेस पॉल यांच्या नावाची गिटार आणली. महोगनीचे खोड, त्यावर मेपल लाकडाचा थर आणि सोनेरी रंग असे तिचे रूप होते. या रचनेत लेस पॉल यांचा वाटा किती आणि कंपनीतील तंत्रज्ञांचा किती, याबद्दल मतभेद आहेत. १९५७ पासून या गिटारवर सेथ लव्हर यांनी तयार केलेले 'हंबकर' पिकअप बसवले जाऊ लागले.

पुढची हकिकत अधिक बोधप्रद आहे. या गिटारचा खप घटला. १९६१ पर्यंत कंपनीने तिचे रूप पालटले आणि बारीक खोडाची, दोन टोकदार शिंगांसारखा आकार असलेली गिटार आणली. ती लेस पॉल यांना रुचली नाही. १९६३ पर्यंत त्यांचे नावही त्या गिटारवरून गेले. मूळ गिटार बंद झाली, नाव उतरले. कथा येथेच संपायची. पण जुन्या लेस पॉल गिटारी काही तरुण वादकांच्या हाती पडल्या. त्यांपैकी एक इंग्लंडमधील एरिक क्लॅप्टन होते. १९६६ मध्ये जॉन मेयॉल यांच्या वाद्यवृंदासोबत त्यांनी केलेल्या ध्वनिमुद्रणात लेस पॉल गिटारचा जाड, तापलेला, दीर्घकाळ रेंगाळणारा आवाज ऐकून श्रोते थक्क झाले. स्वतः लेस पॉल स्वच्छ, लखलखीत आवाजाचे भोक्ते होते. त्यांच्या नावाच्या गिटारमधून हा वेगळाच आवाज दुसऱ्याने काढला होता. या गिटारला मागणी वाढत गेली आणि १९६८ मध्ये कंपनीने मूळ रूपातील लेस पॉल गिटार पुन्हा बनवण्यास सुरुवात केली. लेस पॉल यांचे २००९ मध्ये निधन झाले. त्यांच्या नावाची गिटार आजही तयार होते.

क्लॅप्टन यांची दुसरी गिटार

फेंडर कंपनीचे संस्थापक लिओ फेंडर कॅलिफोर्नियात रेडिओ दुरुस्तीचा व्यवसाय करत. त्यांना स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती. मात्र वादकांच्या अडचणी ते लक्षपूर्वक ऐकत. १९५४ मध्ये आलेल्या त्यांच्या स्ट्रॅटोकास्टरचे खोड वादकाच्या बरगड्यांना आणि हाताला टोचू नये अशा बेताने घोटलेले आहे. तिच्यावर प्रत्येकी एका वेटोळ्याचे तीन पिकअप असतात आणि तिची मान खोडाला स्क्रूने जोडलेली असते.

१९७० च्या सुमारास क्लॅप्टन यांनी अमेरिकेतील नॅशव्हिल शहरात काही जुन्या स्ट्रॅटोकास्टर स्वस्तात विकत घेतल्या. काही मित्रांना दिल्या आणि उरलेल्या तिघींचे उत्तम भाग जुळवून एक काळी गिटार तयार करवली. तिचे नाव 'ब्लॅकी'. पुढे कित्येक वर्षे तीच त्यांची मुख्य गिटार होती. २००४ मध्ये ती लिलावात ९,५९,५०० डॉलरना विकली गेली आणि ती रक्कम क्लॅप्टन यांनी स्थापन केलेल्या व्यसनमुक्ती केंद्राच्या कामी आली.

ब्लॅकी झिजली, तेव्हा फेंडर कंपनीने क्लॅप्टन यांच्या गरजा विचारात घेऊन नवी गिटार घडवली. १९८८ मध्ये बाजारात आलेली ही गिटार फेंडरची पहिली स्वाक्षरी गिटार होय. तिची मान पाठीमागून किंचित निमुळती आहे. सूर हलवणारी घोडी लाकडी ठोकळा लावून स्थिर केली आहे, कारण क्लॅप्टन ती सोय वापरत नसत. आत नऊ व्होल्टच्या बॅटरीवर चालणारी एक जोडणी आहे. एक बटण फिरवले, की मधल्या पट्टीतील स्वर २५ डेसिबलपर्यंत उचलले जातात आणि स्ट्रॅटोकास्टरचा धारदार आवाज हंबकरसारखा जाड होऊ लागतो.

येथे लक्षात घेण्याजोगी बाब अशी, की एकाच वादकाने तरुणपणी लेस पॉलला कीर्ती मिळवून दिली आणि पुढे स्ट्रॅटोकास्टर जवळ केली. गिटार बदलली, आवाजाचा पोत बदलला. पण वादन क्लॅप्टन यांचेच आहे हे जाणकार श्रोत्याला दोन्हीकडे ओळखता येते.

दोघींमधील खरा फरक

दोन्ही गिटारींमधील पहिला फरक तारेच्या लांबीचा आहे. लेस पॉलच्या तारेची कंप पावणारी लांबी २४.७५ इंच, तर स्ट्रॅटोकास्टरची २५.५ इंच. फरक पाऊण इंचाचाच. परंतु तीच तार त्याच सुरात लावायची, तर स्ट्रॅटोकास्टरवर ताण सुमारे सहा टक्के अधिक लागतो. त्यामुळे तिची तार बोटांना थोडी ताठ लागते आणि लेस पॉलची तार ओढून सूर चढवणे थोडे सोपे जाते. ज्यांची बोटे आखूड आहेत, त्यांनाही लेस पॉलचे जवळजवळचे पडदे सोयीचे वाटू शकतात.

दुसरा फरक वजनाचा. लेस पॉल बहुधा चार किलोच्या वर भरते. स्ट्रॅटोकास्टर साडेतीन किलोच्या आसपास असते. दुकानात पाच मिनिटे हा फरक जाणवत नाही. तासभर उभे राहून वाजवले, की खांदा त्याचा हिशेब मागतो.

तिसरा फरक आवाजाचा आणि घरघरीचा. भारतात घरोघरी येणारा वीजप्रवाह सेकंदाला ५० आवर्तने करतो. त्याचे चुंबकीय पडसाद पिकअपच्या वेटोळ्यात उतरतात आणि घरघर ऐकू येते. हंबकरमध्ये दोन वेटोळी असतात. त्यांची जोडणी एकमेकींच्या उलट असते आणि त्यांच्या चुंबकांचे ध्रुवही उलट असतात. त्यामुळे तारेचे संकेत मिळून वाढतात, तर बाहेरून आलेली घरघर परस्परांना छेद देऊन मावळते. साध्या एका वेटोळ्याच्या पिकअपला ही सोय नसते. क्लॅप्टन यांच्या गिटारवर मात्र घरघर कमी करणारे खास पिकअप बसवलेले असतात.

चौथा फरक दुरुस्तीचा. लेस पॉलची मान खोडाला सरसाने चिकटवलेली असते आणि तिचे डोके मागे झुकलेले असते. गिटार पडली, तर मान डोक्याजवळ मोडण्याची भीती असते आणि ती सांधण्यास कसबी कारागीर लागतो. स्ट्रॅटोकास्टरची मान स्क्रू काढून बदलता येते. क्लॅप्टन यांच्या गिटारमधील बॅटरी मात्र अधूनमधून बदलावी लागते. ऐन कार्यक्रमात ती संपली, तर पंचाईत होते.

निवड कशी करावी?

दोन्ही गिटारी लाखांच्या घरातल्या आहेत. म्हणून निवडीपूर्वी शिकणाऱ्याने स्वतःला काही प्रश्न विचारावेत. कोणते संगीत वाजवायचे आहे? वादन बसून होणार की उभ्याने? जवळपास दुरुस्ती करणारा जाणकार आहे का? गिटारसोबत ॲम्प्लिफायर, जोडतार आणि सुट्या तारा यांचा खर्च हिशेबात धरला आहे का?

त्यानंतर प्रत्यक्ष पारख करावी. प्रथम ॲम्प्लिफायरविना प्रत्येक पडद्यावर सूर वाजवून पाहावा. कोठे खरखर येते का ते तपासावे. गळ्यात पट्टा अडकवून निदान वीस मिनिटे उभे राहावे. मग दोन्ही गिटारी एकाच ॲम्प्लिफायरला जोडून आवाजाची पातळी सारखी ठेवावी, कारण जरा मोठा आवाज कानाला उगाचच अधिक चांगला भासतो. आपल्याला पक्की येणारी एकच धून दोन्हींवर सावकाश वाजवावी. शेवटी दुसऱ्या कोणाला वाजवायला सांगून पाठमोरे उभे राहावे आणि केवळ ऐकावे. डोळ्यांना नाव दिसेनासे झाले, की कान प्रामाणिकपणे निवाडा देतात.

जाड, घट्ट, रेंगाळणारा आवाज हवा असेल, तारा सैल लागाव्यात असे वाटत असेल आणि वजन पेलत असेल, तर लेस पॉल योग्य. स्वच्छ, टणत्कारी आवाज, अंगाला बसणारे हलके खोड आणि सोपी दुरुस्ती हवी असेल, तर क्लॅप्टन स्ट्रॅटोकास्टर योग्य. ज्याला दोन्ही प्रकारचे आवाज थोडेथोडे हवेत, त्याला तिच्यातील स्वर उचलणारे बटण उपयोगी पडेल. नव्याने शिकणाऱ्याची ऐपत तेवढी नसेल, तर खंत करण्याचे कारण नाही. लेस पॉलच्या बांधणीच्या स्वस्त गिटारी 'एपिफोन' या नावाने आणि स्ट्रॅटोकास्टरच्या बांधणीच्या 'स्क्वायर' या नावाने मिळतात. तारेची लांबी, पडदे आणि हाताची सवय यांबाबतीत शिकण्याचे काम त्यांवरही होते.

स्वाक्षरी गिटार म्हणजे एका कलावंताने स्वतःच्या हातासाठी आणि कानासाठी शोधलेले उत्तर. क्लॅप्टन यांनी न लागणारी घोडी स्थिर करून घेतली. लेस पॉल आपल्या गिटारींमध्ये आयुष्यभर फेरफार करत राहिले. दोघांनीही वाद्याला आपल्या गरजेप्रमाणे वळवले. त्यांच्याकडून घेण्यासारखी गोष्ट हीच आहे. नाव पाहून वाद्य घेणारा दुसऱ्याचे उत्तर विकत घेतो. आपला हात, आपला खांदा आणि आपला कान यांना विचारून वाद्य घेणारा स्वतःच्या प्रश्नाचे उत्तर शोधतो. मग त्या गिटारवर कोणाचेही नाव कोरलेले असो, तिच्यातून निघणारा नाद वाजवणाऱ्याचाच असतो.