नैरोबीचे वार्तापत्र : हरवलेल्या मिसलींचा देश

नैरोबीच्या मोई मार्गावर, एके काळी बँकेची असलेल्या जुन्या इमारतीत केनियाचे राष्ट्रीय अभिलेखागार आहे. आणि ज्यांचे वडील गोव्याचे व माता मासाई, असे या देशाचे दुसरे उपराष्ट्राध्यक्ष जोसेफ मुरुंबी यांचा ग्रंथ व कलावस्तूंचा संग्रहही तेथेच जतन केलेला असल्यामुळे आपल्याकडील अभ्यागताला त्या वास्तूविषयी सहज आपुलकी वाटते. परंतु या देशाच्या दप्तरांत जे नाही, त्याचीच हकीकत विस्ताराने सांगितली पाहिजे.

1963 साली सत्ता सोडताना ब्रिटिश अंमलदारांनी अडचणीचे कागद काही जाळले, काही विलायतेस नेले. आणि ब्रिटिश सत्तेविरुद्धच्या माऊ माऊ बंडाच्या काळात छावण्यांत छळ सोसलेल्या वृद्धांनी लंडनच्या न्यायालयात दावा लावला, तेव्हा कोठे 2011 साली इंग्लंडमधील हॅन्स्लोप पार्क येथे दडवलेल्या त्या मिसलींची कबुली मिळाली. 2013 साली 5,228 जणांसाठी सुमारे 2 कोटी पौंडांची तडजोड झाली, तीत या कागदांच्या साक्षीचा वाटा मोठा होता.

पण परक्यांच्या पापाकडे बोट दाखवून स्वकीयांचा हिशेब चुकता होत नाही. येथे नोंदणीकृत जमिनीच्या तुकड्याचे एक पत्रक असते, त्यास सारे ‘ग्रीन कार्ड’ म्हणतात : एका भागात जमिनीचे वर्णन, दुसऱ्यात मालकांची नावे, तिसऱ्यात गहाण व इतर बोजे. ते पत्रक किंवा त्यामागची मिसल जागेवर नसली, की ‘फाईल सापडत नाही’ एवढ्या उत्तरावर खरा मालक हेलपाटे घालीत राहतो आणि दरम्यान त्याच जमिनीवर दुसऱ्याचे नाव चढू शकते. वनजमिनी, रस्ते, शाळांची मैदानेसुद्धा बेकायदा वाटली गेल्याचे जमीनवाटपाची चौकशी करणाऱ्या न्डुंगू आयोगाने 2004 साली दाखवून दिले. 2014 साली भूमिखात्याच्या ‘अर्धी हाउस’मधील दप्तर काही दिवस बंद ठेवून झाडाझडती घेतली, तेव्हा गहाळ समजल्या गेलेल्या कित्येक मिसली त्याच इमारतीत निघाल्या!

2021 पासून जमिनीच्या नोंदींसाठी ‘अर्धीसासा’ ही संगणकीय व्यवस्था आली, हे स्वागतार्हच; मात्र खोटी नोंद संगणकात चढली, तर ती अधिकच पक्की होऊन बसते. 2010 च्या राज्यघटनेतील 35 व्या कलमाने माहितीचा हक्क दिला, 2016 साली त्याचा कायदाही झाला. परंतु जो कागद जागेवर नाही, तो नागरिकाने कोणत्या कलमाखाली मागावा? म्हणूनच मिसल कोणी नेली, केव्हा परत केली, किल्ली कोणाजवळ होती, याची रोजची नोंद ठेवणाऱ्या दप्तरी कारकुनाला शिक्षण, दर्जा आणि वरिष्ठांच्या दडपणापासून संरक्षण देणे, हे नैरोबीच्या सरकारचे पहिले कर्तव्य आहे.