मोडेम : कार्य व दोषनिदान

मोडेम : संगणकातील अंकीय संकेतांचे दूरध्वनीच्या तारेवरून वाहून नेता येतील अशा ध्वनिकंप्रतेच्या संकेतांत रूपांतर करणारे आणि तारेवरून आलेल्या संकेतांपासून पुन्हा अंकीय संकेत मिळविणारे उपकरण. पहिल्या क्रियेस विरूपण व दुसरीस विरूपणनिरसन म्हणतात. या दोन क्रियांच्या इंग्रजी नावांतील प्रारंभीची अक्षरे जोडून ‘मोडेम’ ही संज्ञा बनली आहे. घरगुती संगणकाच्या जुन्या प्रकारांत मोडेम स्वतंत्र पेटीच्या रूपात बाहेर जोडलेला किंवा पत्र्याच्या पेटीतील खाचेत बसविलेल्या पट्टिकेच्या रूपात असतो.

तत्त्व : दूरध्वनीच्या मार्गातून सु. ३०० ते ३,४०० हर्ट्झ एवढाच कंप्रतापट्टा नीट जातो. मानवी बोलणे समजण्यास तो पुरेसा असला, तरी संगणकातील विद्युत् स्पंद त्यातून जसेच्या तसे जाऊ शकत नाहीत. म्हणून १ व ० या अंकांसाठी वेगवेगळे सूर योजण्यात आले. अमेरिकेतील बेल कंपनीच्या १९६२ मधील ‘१०३’ या मोडेममध्ये दूरध्वनी लावणारी बाजू १,०७० व १,२७० हर्ट्झचे, तर उत्तर देणारी बाजू २,०२५ व २,२२५ हर्ट्झचे सूर वापरी. त्यामुळे दोन्ही बाजूंना एकाच वेळी प्रेषण करता येई. त्याचा वेग दर सेकंदास ३०० अंक (बिट) होता. पुढे सुराची कला व परमप्रसर यांतही सूक्ष्म फरक करून एका बदलात अनेक अंक पाठविण्यात येऊ लागले व १९९४ मध्ये २८,८००, तर १९९८ मध्ये ५६,००० पर्यंतच्या वेगांची आंतरराष्ट्रीय मानके ठरली. वेग वाढला तसे हे फरक सूक्ष्म होत गेले आणि तारेवरील अल्पसा गोंगाटही बाधक ठरू लागला. त्यामुळे मोडेममधील म्हणून समजले जाणारे अनेक दोष वस्तुतः तारेतील असतात.

भारतातील वापर : अर्नेट या शैक्षणिक व संशोधन जाळ्याचे काम १९८६ मध्ये सुरू झाले व त्याच्या प्रारंभीच्या काळात मुंबईतील राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र आणि भारतीय तंत्रज्ञान संस्था यांच्यात मोडेमद्वारे ई-मेलची देवाणघेवाण होऊ लागली. विदेश संचार निगमाने १५ ऑगस्ट १९९५ पासून मुंबई, दिल्ली, कोलकाता व चेन्नई येथे जनतेस इंटरनेट सेवा उपलब्ध करून दिली. महाराष्ट्रात वारणानगर (जि. कोल्हापूर) परिसरातील ७० खेड्यांसाठी १९९८ मध्ये हाती घेतलेल्या प्रकल्पात ग्रामकेंद्रांतील संगणकांद्वारे ऊस उत्पादकांना माहिती पुरविण्यात आली. पुढे त्यांतील बऱ्याच कामासाठी मोबाइलवरील लघुसंदेशांचा वापर करून पाहण्यात आला.

दोषनिदानाचे महत्त्व : फुलंब्री हे छत्रपती संभाजीनगरच्या (औरंगाबाद) उत्तरेस जळगावकडे जाणाऱ्या मार्गावरील तालुक्याचे ठिकाण शहरापासून सु. २५ ते ३० किमी. अंतरावर आहे. अशा ठिकाणचा मोडेम तपासण्यासाठी शहरात न्यावयाचा, तर जाण्यायेण्यास सु. ५० ते ६० किमी. प्रवास पडतो. शिवाय शहरातील तारेवर तो व्यवस्थित चालला, तर एवढेच सिद्ध होते की दोष घरच्या तारेत वा संगणकात आहे. यासाठी उपकरण हलविण्यापूर्वी संगणक, जोडणी, मोडेम, घरातील तार व दूरध्वनी केंद्र या दुव्यांची क्रमाने व एकेकटी परीक्षा करणे हितावह असते. एका वेळी एकच गोष्ट बदलावी, अन्यथा दोष नाहीसा झाला तरी त्याचे कारण कळत नाही.

तारेची परीक्षा : प्रथम मोडेम काढून त्याच तारेस साधा दूरध्वनी जोडतात. त्यात केंद्राचा सूर ऐकू येत नसल्यास मोडेमकडे पाहण्याचे कारण उरत नाही. सूर येत असल्यास एक अंक फिरवून शांततेत कान देतात. खरखर, गुणगुण किंवा दुसऱ्याचे संभाषण ऐकू आल्यास ओलसर जोड, गंजलेली टोके अथवा तारेतील गळती संभवते. दूरध्वनी खाली ठेवला असता तारेवर सु. ४८ व्होल्ट एकदिश दाब असतो व तो उचलताच बराच कमी होतो. घंटेच्या वेळी याहून जास्त प्रत्यावर्ती दाब येत असल्याने उघड्या टोकांस हात लावू नये. एकाच तारेस जोडलेले इतर दूरध्वनीही काढून पाहावेत; त्यांपैकी एखादा उचलला गेला तरी चालू जोडणी तुटते. कॉल वेटिंगच्या सुरानेही असाच व्यत्यय येतो.

संगणकाच्या बाजूची परीक्षा : हेझ कंपनीच्या १९८१ मधील मोडेमपासून रूढ झालेल्या आज्ञावलीत ‘एटी’ ही अक्षरे पाठविली असता सुस्थितीतील मोडेम ‘ओके’ असे उत्तर देतो. उत्तर न आल्यास विद्युत् पुरवठा, जोडतार व द्वार यांचा विचार करावा. मोडेमची जोडतार काढून संगणकाच्या क्रमिक द्वारातील २ व ३ क्रमांकांच्या पिना तारेने जोडल्यास टंकलिखित अक्षरे पडद्यावर परत उमटली पाहिजेत. तसे झाल्यास द्वार निर्दोष ठरते. आतील पट्टिकेच्या बाबतीत माउस पहिल्या व मोडेम तिसऱ्या द्वारावर असल्यास दोघेही प्रायः व्यत्यय क्रमांक ४ वापरतात व एकमेकांस अडवितात. अशा वेळी मोडेम दुसऱ्या द्वारावर न्यावा. जुन्या संगणकांतील ‘८२५०’ वा ‘१६४५०’ या संकलित मंडलांत एकच अक्षर साठविण्याची सोय असल्याने अतिवेगात अक्षरे गळतात. ‘१६५५०’ प्रकारात ती सोय सोळा अक्षरांची आहे.

संदेशांवरून निदान : ‘नो डायलटोन’ हा संदेश आला, पण कानाला सूर ऐकू येत असेल, तर मोडेम बिघडलेला असेलच असे नाही. अमेरिकेत हा सूर ३५० व ४४० हर्ट्झच्या मिश्रणाचा असतो, तर भारतात तो २५ हर्ट्झने विरूपित केलेल्या ४०० हर्ट्झचा असतो. त्यामुळे परदेशासाठी बनविलेला मोडेम तो ओळखू शकत नाही. ‘एटीएक्स३’ ही आज्ञा दिल्यास सुराची वाट न पाहता क्रमांक फिरविला जातो. जुन्या केंद्रांसाठी सुरांऐवजी स्पंदांनी क्रमांक फिरविणारी ‘एटीडीपी’ ही आज्ञा लागते. दोन्ही मोडेमांचे प्रारंभीचे सूर ऐकू येऊनही ‘नो कॅरिअर’ असे उत्तर आल्यास तारेवरील गोंगाट हे संभाव्य कारण होय. वेगाची मर्यादा मुद्दाम कमी करून जोडणी टिकते का ते पाहावे. टिकल्यास दोष मोडेममध्ये नसून तारेत असण्याचा संभव अधिक. ५६,००० चा वेग केंद्रापासून ग्राहकापर्यंत अंकीय संकेताचे एकदाच रूपांतर होत असेल तेव्हाच साधतो. मार्गात आणखी रूपांतर करणारे साधन असल्यास नवा मोडेम घेऊनही वेग ३३,६०० च्या पुढे जात नाही.

विजेपासून होणारी हानी : मॉन्सूनपूर्व व परतीच्या पावसातील मेघगर्जनेच्या काळात खांबांवरून आलेल्या लांब तारेत क्षणिक उच्च दाब उत्पन्न होतो व मोडेमच्या तारेकडील भागास इजा होते. अशा मोडेमचे लक्षण म्हणजे ‘एटी’ला ‘ओके’ हे उत्तर मिळते, परंतु सूर घेता येत नाही. त्याच तारेवर साधा दूरध्वनी चालत असताना व दुसऱ्या चांगल्या तारेवरही मोडेम चालत नसल्यास तो बदलणेच इष्ट. विद्युत् जोडणी बंद करणे पुरेसे नसून दूरध्वनीची तारही खोबणीतून काढून ठेवावी लागते.

सद्यःस्थिती : जानेवारी २००५ पासून भारत संचार निगमाच्या अंकीय ग्राहकरेषेवरील जलद सेवेचा व त्यानंतर मोबाइल आणि प्रकाशीय तंतू यांचा प्रसार झाल्याने ध्वनिकंप्रतेचा मोडेम घरगुती वापरातून बहुतांशी गेला आहे. तथापि तांब्याच्या तारेवरील जलद सेवेतही मोडेमचेच तत्त्व असून केंद्रापासूनचे अंतर, सांध्यांची स्थिती व तारेवरील गोंगाट यांवरच वेग अवलंबून असल्याने वरील क्रम तेथेही लागू पडतो.