लूक्सवर जाऊ नका, बॉस!

गाडी दिसते कशी यावर आपण तासन् तास भांडतो. पण आत बसणाऱ्याशी ती वागते कशी, हे कोण बघणार? आपल्या रस्त्यांवरच्या बेस्ट आणि वर्स्ट डिझाइन्सचा हा बेधडक लेखाजोखा.

ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये शुक्रवारी दुपारी दोनच विषय रंगतात. एक अप्रेझल आणि दुसरा कुणीतरी नुकतीच बुक केलेली गाडी. अप्रेझलवर सगळ्यांचं एकमत असतं (अन्याय झालाय!). गाडीवर मात्र चार जणांची पाच मतं निघतात. एकाला ग्रिल 'कातिल' वाटते, दुसऱ्याला तीच ग्रिल म्हणजे इडलीपात्र. मग मागचे दिवे, अलॉय, सनरूफ... आणि चहा गार होतो.

मी काही ऑटोमोबाइल इंजिनिअर नाही. मास कॉमच्या डिग्रीवर गिअरबॉक्स उघडता येत नाही, हे मान्य. पण डिझाइन म्हणजे फक्त बाहेरचा पत्रा नाही, एवढं कळायला इंजिनिअर असावं लागत नाही. फक्त गाडीत बसावं लागतं. पुढेही आणि मागेही. म्हणून मी माझ्यापुरत्या तीन टेस्ट ठरवल्या आहेत. आजी टेस्ट, डिकी टेस्ट आणि घाम टेस्ट. कुठलीही गाडी आणा, या तिघींतून सुटका नाही.

आजी टेस्ट

पाचवारी साडी, दुखरे गुडघे, एका हातात पिशवी. अशा अवस्थेत आजीला कुणाचाही हात न धरता गाडीत बसता आणि उतरता आलं पाहिजे. बस्स, एवढीच टेस्ट. पण भल्या भल्या गाड्या इथे आपटतात.

आपली लाडकी प्रीमियर पद्मिनी इथे पास. मुळात ही इटलीची फियाट 1100. कुर्ल्याच्या कारखान्यात तयार व्हायची आणि काळा-पिवळा रंग चढला की अख्ख्या मुंबईची व्हायची. सीट खुर्चीसारखी, खिडक्या मोठ्या, टपावर कॅरिअर. आतल्या सीटकव्हरवर फुलं, आरशाला लटकन. देखणी? तशी साधीच. पण दोन मावश्या, तीन बॅगा आणि गणपतीची मूर्ती घेऊन ती दादरहून गिरगावात जायची आणि कुणाचा गुडघा कुणाला लागायचा नाही. ऑक्टोबर 2023 मध्ये वीस वर्षांची वयोमर्यादा संपली आणि शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून गेली, तेव्हा मुंबईकर हळहळले ते काही तिच्या टॉप स्पीडसाठी नव्हे!

अँबेसेडरही पास, निदान मागच्या सीटवर तरी. इंग्लंडच्या मॉरिस ऑक्सफर्डवरून उचललेली ही गाडी पश्चिम बंगालच्या उत्तरपाड्यात 2014 पर्यंत बनत होती. मागची सीट म्हणजे घरातला सोफाच. सरकारी साहेबांना ती इतकी का आवडायची, हे त्या सोफ्यावर एकदा टेकलं की कळतं. पुढे ड्रायव्हरचे हाल काय, हा प्रश्न साहेबांना कधी पडला नाही. हा मुद्दा लक्षात ठेवा, आपण पुन्हा त्याच्याकडे येणार आहोत.

आता सँट्रो. 1998 मध्ये ती आली तेव्हा लोकांनी नाकं मुरडली. ही कसली उंच, डब्यासारखी गाडी! पण त्या उंचीतच सगळी गंमत होती. सीट वर, छप्पर वर, म्हणजे 'बसायला' वाकायचं नाही आणि 'उठायला' जोर लावायचा नाही. पुढच्याच वर्षी तसाच उंच डबा घेऊन वॅगन आर आली. तिला आजतागायत कुणी सेक्सी म्हटलेलं नाही. तरी 2021-22 पासून सलग चार आर्थिक वर्षं देशात सगळ्यात जास्त खपलेली कार हीच! कॅन्टीनमध्ये आपण कूपे आणि एसयूव्हीवर भांडतो, पण घरी चेक फाडताना बाबा आजी टेस्टच घेतात.

आणि नापास कोण? टाटा सिएरा, 1991 ची. काय दिसायची! मागे छतापर्यंत वळलेल्या त्या काचा बघून आजही माझ्या वयाची पोरं उसासे टाकतात. पण बाजूला दारं दोनच. मागे जायचं तर पुढची सीट पाडून आत घुसायचं. त्या सुंदर काचा उघडायच्या नाहीत आणि ऊन थेट डोक्यावर. डिझाइन म्हणून प्रेमपत्र, वाहन म्हणून शिक्षा. 2025 मध्ये सिएरा हे नाव परत आलं तेव्हा त्या काचांचा आभास ठेवला, पण मागच्यांसाठी स्वतंत्र दारं दिली. चौतीस वर्षांनी का होईना, आजीचं ऐकलं म्हणायचं.

डिकी टेस्ट

भारतात सगळ्यात वादग्रस्त डिझाइनर कोण, माहितीये? अर्थमंत्रालय! चेष्टा नाही. 2006 च्या बजेटमध्ये 'छोटी कार' कशाला म्हणायचं ते ठरलं. लांबी चार मीटरपेक्षा जास्त नको, पेट्रोल इंजिन 1200 सीसी आणि डिझेल 1500 सीसीच्या आत. अशा गाड्यांची एक्साइज ड्यूटी 24 वरून 16 टक्क्यांवर आली. झालं! कंपन्यांनी पेन्सिली टाकल्या आणि पट्ट्या उचलल्या. 2008 मध्ये इंडिगोची डिकी छाटून सीएस आली. पण कळस झाला 2012 मध्ये. आधीची स्विफ्ट डिझायर 4160 मिलिमीटर लांब होती, नवी बरोबर 3995. डिकी 440 लिटरवरून 316 वर! बाजूने बघितलं तर वाटायचं, ट्रॅफिकमध्ये मागून बसने ढुशी दिली आणि गाडी तशीच शोरूममध्ये आणली.

माझ्या यादीत 'वर्स्ट लूक'चा मान हिलाच. पण थांबा. ती विकली मात्र धो धो गेली. का? कारण टॅक्स वाचला, किंमत आवाक्यात आली आणि 'डिकीवाली गाडी' म्हणून सोसायटीत मान मिळाला. पुढच्या पिढ्यांमध्ये डिझाइनर मंडळींना त्याच मापात नीट आकार जमला, डिकीही पुन्हा 380 लिटरच्या आसपास आली. आणि ती चार मीटरची रेघ अजून तशीच आहे. सप्टेंबर 2025 मध्ये जीएसटी बदलला, तरी 18 टक्क्यांची सवलत त्याच रेघेच्या आतल्यांना. रेघेबाहेर गेलात की थेट 40. आपल्या गाड्यांची शेपटी आखूड का, याचं उत्तर शोरूममध्ये नाही, दिल्लीत आहे.

डिकीचा विषय निघाला आणि नॅनो निघाली नाही, असं कसं होईल? 2008 च्या ऑटो एक्स्पोमध्ये ती आली तेव्हा जगभर हेडलाइन झाली. मी तिला 'बेस्ट' आणि 'वर्स्ट' दोन्ही यादीत टाकते. बेस्ट यासाठी की जेमतेम 3.1 मीटर लांबीत, दोन सिलिंडरचं 624 सीसी इंजिन मागे ढकलून, चाकं चार कोपऱ्यांत सारून आत चार मोठी माणसं आरामात बसवली. हे म्हणजे वन रूम किचनमध्ये लग्नाची पंगत उठवण्यासारखं! आजी टेस्टही पास.

मग बिघडलं कुठे? मागचं दार उघडतच नव्हतं! सामान ठेवायचं तर मागची सीट पाडून आतून कोंबायचं. पेट्रोल भरायला पुढचं बॉनेट उचलायचं, तेही पंपावर सगळ्यांसमोर. वायपर एक, चाकाला नट तीन. वाचवलेला प्रत्येक रुपया बाहेरून दिसत होता आणि इथेच घोळ झाला. लोकांना स्वस्त गाडी हवी होती, पण 'आम्ही स्वस्त गाडी घेतली' हे शेजाऱ्याला दिसायला नको होतं. 'सगळ्यात स्वस्त' म्हणून तिची जाहिरात झाली ही चूक होती, हे रतन टाटांनीही नंतर मान्य केलं. उघडणारी डिकी आली 2015 मध्ये. 2018 मध्ये उत्पादन थांबलं.

न दिसणारं डिझाइन

ओम्नी आठवते? सिनेमात हिरॉइनला पळवायला आणि खऱ्या आयुष्यात मुलांना शाळेत सोडायला हीच व्हॅन! सरकती दारं, सपाट तळ, इंजिन पुढच्या सीटखाली. भाजीवाल्यापासून अँब्युलन्सपर्यंत सगळ्यांनी ती वापरली. उपयोगाच्या बाबतीत तिला तोड नाही. फक्त एक गोष्ट. बॉनेटच नाही, म्हणजे समोरून धडक बसली की पहिला बंपर तुमचे गुडघे. 2019 मध्ये अपघात-सुरक्षेचे कडक नियम आले आणि ओम्नी बंद झाली.

गाडीचं सगळ्यात महत्त्वाचं डिझाइन पत्र्याच्या आत असतं आणि ते ब्रोशरच्या फोटोत येत नाही. जानेवारी 2014 मध्ये ग्लोबल एनकॅपने आपल्याकडच्या पाच लोकप्रिय छोट्या गाड्या भिंतीसारख्या अडथळ्यावर आदळल्या. पाचही गाड्यांना प्रौढांच्या सुरक्षेसाठी शून्य स्टार! तेव्हा कुठे आपण 'कितना देती है'च्या पुढे बघायला लागलो. 2018 मध्ये नेक्सॉन पाच स्टार मिळवणारी पहिली भारतीय बनावटीची कार ठरली. 2023 मध्ये आपली स्वतःची भारत एनकॅप आली. आता कॅन्टीनमध्ये स्टार्सवरही भांडणं होतात. ही प्रगती म्हणा!

घाम टेस्ट

आता आपण ज्याच्याकडे कधीच बघत नाही तो विषय. ट्रक. आपण ट्रकची फक्त पाठ बघतो. 'हॉर्न ओके प्लीज' (2015 मध्ये महाराष्ट्रात यावर बंदी आली, तरी दिसतंच), लिंबू-मिरची, काळी बाहुली, कमळं, मोर. आपले कॉलेजवाले त्या नक्षीचे टी-शर्ट घालून फिरतात. पण ट्रकला पुढची बाजूही असते आणि तिथे एक माणूस बसलेला असतो.

हा लेख लिहायचा म्हणून मी एप्रिलमधल्या एका दुपारी कळंबोलीच्या ट्रक टर्मिनसवर गेले. एका ड्रायव्हरकाकांनी मला त्यांच्या जुन्या ट्रकच्या कॅबिनमध्ये चढू दिलं. 'चढू' हाच शब्द, कारण पहिली पायरी माझ्या गुडघ्याच्या वर. इंजिनचा फुगवटा थेट कॅबिनमध्ये, ड्रायव्हरच्या डाव्या मांडीशी. त्यावर गोधडी टाकलेली. मी हात ठेवला आणि लगेच उचलला. ट्रक बंद होऊन तास झाला होता. क्लीनर त्याच गोधडीवर झोपतो, काका सहज म्हणून गेले. सीट मागेपुढे होत नव्हती. छोटा पंखा होता, तो त्यांनी स्वतःच्या पैशाने बसवलेला.

हे असं का? कारण आपल्याकडे वर्षानुवर्षं बरेचसे ट्रक कारखान्यातून पूर्ण बनून निघतच नव्हते. निघायची ती चॅसी. इंजिन, चाकं, स्टिअरिंग आणि पुढचा पत्रा. पिंपरी-चिंचवडकडच्यांनी हे दृश्य पाहिलेलं असेल. डोक्याला टॉवेल गुंडाळून, उघड्या चॅसीवर बसून हायवेने निघालेला ड्रायव्हर. पुढे एखाद्या बॉडी बांधणाऱ्या कारखान्यात लाकूड आणि पत्रा ठोकून कॅबिन व्हायची. कलाकुसर अप्रतिम, पण खर्चाचा हिशोब मालकाचा. ड्रायव्हरच्या पाठीचा हिशोब कुणाच्याच वहीत नाही.

व्होल्वोने 1998 मध्ये भारतात ट्रक आणले तेव्हा त्यांच्या कॅबिनला एसी होता. म्हणजे तंत्र होतं, माहिती होती. तरी साडेतीन टनांहून जड नव्या ट्रकच्या कॅबिनला एसी सक्तीचा व्हायला 1 ऑक्टोबर 2025 उजाडला. सत्तावीस वर्षं! आणि नियम फक्त त्या तारखेनंतर बनलेल्या गाड्यांना. काकांचा ट्रक पुढची कित्येक वर्षं तसाच तापणार. आपण एसी सोळावर लावून 'किती उकडतंय' म्हणतो, तेव्हा आपला नवा फ्रिज घेऊन असाच कुणीतरी कसारा घाट चढत असतो.

माझ्या मते भारतीय रस्त्यावरचं सगळ्यात वाईट डिझाइन ही जुनी ट्रक कॅबिन. कुठल्याही कुरूप ग्रिलपेक्षा वाईट. कुरूप ग्रिलने कुणाला चौदाव्या तासाला झापड येत नाही.

आणि सगळ्यात चांगलं? माझं मत टाटा एसला, म्हणजे आपल्या 'छोट्या हत्ती'ला. 2005 मध्ये हा आला. दोन सिलिंडरचं सातशे सीसीचं डिझेल इंजिन आणि गल्लीत वळेल एवढी अंगलट. तोपर्यंत छोटा माल म्हणजे तीन चाकी टेम्पो, उलटायला टपलेला. छोट्या हत्तीने चौथं चाक दिलं, दार दिलं, खिडकीची काच दिली. तीनचाकीवाल्याचा तो 'गाडीवाला' झाला. लग्न ठरवताना हा फरक मोठा असतो, हसू नका. खंत एकच. साडेतीन टनांच्या आत असल्याने एसीचा नियम त्याला लागू नाही. आपली ऑनलाइन शॉपिंग घेऊन भर उन्हात येतो, तो बहुतेक वेळा याच वर्गातल्या गाडीतून.

जाता जाता: शोरूममध्ये जाताय?

– आधी मागच्या सीटवर बसा. दहा मिनिटं. मोबाइल खिशात ठेवून.

– आई किंवा आजीला सोबत न्या. त्यांना बसवा, उतरवा. सेल्समनचं हसणं मनावर घेऊ नका.

– डिकीत तुमची नेहमीची मोठी बॅग ठेवून बघा. लिटरचे आकडे गावाला जाताना कामाला येत नाहीत.

– एसी आणि काच पुसायची बटणं न बघता हाताला लागतात का? सगळंच टचस्क्रीनवर असेल तर विचार करा. युरोपातही आता हॉर्न, वायपर, इंडिकेटरला खरी बटणं नसतील तर युरो एनकॅपचे पाच स्टार मिळणं कठीण झालंय.

– स्टार विचारा. रंग नंतर.

– आणि तुमच्या कंपनीचा माल ट्रकने जात असेल, तर पुढच्या मीटिंगमध्ये ट्रान्सपोर्टवाल्यांना विचारा, कॅबिनला एसी आहे का? प्रश्न फुकट आहे, पण तो अजून फारसा कुणी विचारलेला नाही.