धुराड्याला ऊब, बिलाला चटका

एक घनमीटर नैसर्गिक वायू पुरता जाळायला साधारण साडेनऊ घनमीटर हवा लागते. तिच्यातला साडेसात घनमीटर नायट्रोजन जळण्याच्या कामात भागच घेत नाही. गार येतो, तापतो आणि धुराड्यातून निघून जातो. कारखान्यातला प्रत्येक बर्नर या बिनकामाच्या पाहुण्याला फुकट शेकत असतो! हवा गरजेपेक्षा जास्त सोडली, की पाहुणे आणखी वाढतात. म्हणून जाणते बॉयलरवाले धुरातला ऑक्सिजन मोजतात. गॅसच्या बॉयलरला तो 2-3 टक्के असला, की गाडी रुळावर. आणि धुराचं तापमान 20-22 अंशांनी उतरवता आलं, तर इंधन 1 टक्क्याने वाचतं.

1 टक्का म्हणजे किरकोळ वाटतो? भारतात वापरला जाणारा जवळपास निम्मा गॅस परदेशातून येतो. उणे 162 अंशांपर्यंत गार करून, द्रव करून, जहाजात भरून दहेजला किंवा आपल्या दाभोळला उतरवलेला. एवढी यातायात करून आणलेला गॅस आभाळ तापवायला जावा, हे मनाला लागतं.

जर्मन अभियंता फ्रीडरिश सीमेन्सने यावर 1856 मध्येच तोड काढली होती. भट्टीशेजारी विटांच्या दोन खोल्या. एकीतून तापलेला धूर बाहेर जाताना विटा तापवतो, दुसरीतल्या आधीच तापलेल्या विटांवरून ताजी हवा आत येते. थोड्या वेळाने दोघींची अदलाबदल. काचेच्या मोठ्या भट्ट्या आजही याच युक्तीवर चालतात. अशी भट्टी एकदा पेटली, की दहा-पंधरा वर्षं विझवत नाहीत, त्यामुळे सुरुवातीला केलेली चूक तितकीच वर्षं बिलात दिसते. काचेच्या कच्च्या मालात 10 टक्के फुटकी काच वाढवली, तरी सुमारे अडीच-तीन टक्के ऊर्जा वाचते. बांगड्यांच्या फिरोजाबादेत ताजमहालाला जपण्यासाठी सर्वोच्च न्यायालयाच्या 1996 च्या आदेशानंतर कोळशाच्या जागी गॅस आला. मग ‘टेरी’ या ऊर्जा संशोधन संस्थेने तिथल्या भट्ट्यांना धुराच्या उष्णतेवर हवा तापवणारी जोड दिली.

अलिबागजवळच्या थळच्या खत कारखान्याचं गणित मात्र निराळं. युरियासाठी गॅस हे इंधन आहेच, शिवाय कच्चा मालही आहे. युरिया ज्यापासून बनतो त्या अमोनियातला हायड्रोजन गॅसमधूनच काढतात. तो वाटा नुसत्या काटकसरीने कमी होत नाही.

आता पाण्याची गंमत. एक घनमीटर गॅस जळला, की दीड किलोहून जास्त पाणी तयार होतं आणि वाफ होऊन धुराड्याबाहेर पडतं. गॅसमधल्या उष्णतेचा जवळपास दहावा हिस्सा त्या वाफेत अडकलेला असतो. धूर 55 अंशांच्या खाली आणला, की ती वाफ पुन्हा पाणी होते आणि उष्णता हाती लागते. त्यासाठी गार पाणी लागतं, म्हणून डेअऱ्या आणि खाद्यपदार्थांच्या कारखान्यांत हे चांगलं जमतं.

पण माझा जीव खरा गुंततो तो कंडेन्सेटमध्ये. वाफ काम करून गार झाली, की तिचं पाणी होतं: गरम आणि क्षारमुक्त. कित्येक ठिकाणी ते सरळ गटारात सोडतात! तेच बॉयलरला परत दिलं आणि आत जाणारं पाणी 30 ऐवजी 90 अंशांचं झालं, तर सुमारे 10 टक्के इंधन वाचतं. पाणी शुद्ध करण्याचा खर्चही कमी होतो.

हे पाणी वेगळं काढायचं आणि वाफ मात्र अडवायची, हे काम स्टीम ट्रॅपचं. हातात मावेल एवढी वस्तू. तो उघडा अडकला, तर वाफ राजरोस निसटते आणि बंद पाइपात असल्याने कुणाला दिसतही नाही. 7 बार दाबाची वाफ 3 मिलिमीटरच्या भोकातून तासाला पंचवीस-तीस किलो जाते, आणि मोठ्या कारखान्यात असे ट्रॅप शेकड्यांनी असतात. बिघडलेला ट्रॅप ओळखायला अल्ट्रासॉनिक यंत्र कानाला लावून फिरणारा एक फिटर पुरतो. त्याला वर्षातून एकदा तरी सगळे ट्रॅप तपासायला वेळ द्या, आणि सापडलेले खराब ट्रॅप पुढच्या शटडाउनची वाट न पाहता बदलायला परवानगीही.